सासऱ्याच्या वाटची हवा

भात्यानं आपल्या सासऱ्याच्या वाटची हवा पिऊन टाकली आणि म्हातारा बिचारा काचेच्या खोलीत जागच्या जागी खलास झाला, अशी कुजबुज कारखान्याच्या फाटकापासून न्हाव्याच्या खुर्चीपर्यंत कित्येक वर्षं चालली. सांगणारे नुसतं सांगत नसत, गाल आत ओढून, डोळे बाहेर काढून करून दाखवत. हवा म्हणजे काय सरबत आहे का प्यायला, असं एखाद्या शहाण्यानं विचारलंच, तर उत्तर तयार असे, "अहो, त्या माणसाचा धंदाच तो!"

धंदा खरंच तो होता. भाता पगार घ्यायचा तो श्वास सोडण्याचा. लोहाराचा भाता जसा नुसता फुसफुसतो तसा हा बसल्या जागी फुसफुसायचा, म्हणून कामगारांनी हे नाव ठेवलं आणि ते इतकं चिकटलं की खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवावं लागे. दुसरं काही त्याला आयुष्यात धड जमलं नव्हतं. रंगाऱ्याच्या हाताखाली गेला तर शिडीवर चक्कर यायची. छापखान्यात ठेवला तर शाई कागदापेक्षा त्याच्या अंगावर जास्त. दुकानात बसवला, तर गिऱ्हाईकाला "शेजारी स्वस्त मिळेल बघा" असं मनापासून सांगायचा. श्वास मात्र जन्मल्यापासून एकही न चुकवता घेत आला होता. तेव्हा माणूस अखेर योग्य जागी लागला, असंच म्हणायचं.

ही जागा म्हणजे बंद पडलेला एक जुना बिस्किटांचा कारखाना. तिथं एका मालकानं नवं खूळ काढलं होतं. बंद खोल्यांत माणसं बसली की त्यांच्या श्वासातल्या कर्बवायूनं हवा जड होते, डोकी दुखतात, जांभया येतात. तो वायू पकडून ठेवणारे दाणे बनवायचे आणि तेही कचऱ्याच्या भावात. भुईमुगाची टरफलं आणायची, हवा न लागू देता भट्टीत भाजायची, तो कोळसा खारात भिजवून धुवायचा आणि दाबून त्याचे वाटाण्याएवढे दाणे पाडायचे. प्रत्येक दाण्याच्या पोटात डोळ्यांना न दिसणारी असंख्य भोकं. वायू त्या भोकांच्या भिंतींना जाऊन चिकटतो. दाणे तापवले की सुटतो, दाणे पुन्हा कामाला मोकळे. हे सगळं बघायला एक डॉक्टरबाई होती. ती रसायनांची डॉक्टर. आसपासच्या बायका तिच्याकडे खोकल्याचं औषध मागायला यायच्या आणि ती दर वेळी नव्यानं चिडायची.

सिलिंडरमधला वायू दाण्यांवर सोडला की ते झकास काम करत. पण मालक म्हणाला, "बाई, सिलिंडर आपल्याकडे खरेदीला येणार आहे का? खोलीत माणूस बसतो. मला माणूस बसवून दाखवा."

म्हणून मग काचेची खोली उभी राहिली. दाराला रबराची पट्टी, कोपऱ्यात दाण्यांनी भरलेलं उंच पिंप, त्यातून हवा फिरवणारा पंखा, थंडाव्याचं एक यंत्र, टेबल, खुर्च्या, टेबलाच्या मध्यभागी घंटेचं बटण. बाहेरच्या बाजूला एक मोठा काटा, आतली हवा किती जड झाली ते सांगणारा, आणि त्याच्या वाटेत एक लाल रेघ. संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत काटा रेघ ओलांडून गेला नाही तर दाणे पास. आतून घंटा वाजली तर दार उघडायचं, आणि दार उघडलं की दाणे नापास. आत बसायला दिवसभर रिकामा असलेला माणूस हवा होता. त्या गुणात भात्याची बरोबरी करणारं कुणी नव्हतं.

आता त्याच्या घरात जाऊ या, कारण खरी बंद खोली तीच. भाता घरजावई. सासरा बसमधला तिकीट तपासनीस, निवृत्त झाला तरी खाकी कोट उतरवला नव्हता. त्याला सगळे चेकरसाहेब म्हणत. नोकरीत त्याची एक पद्धत होती आणि तिचा त्याला भारी अभिमान. विनातिकीट माणसाला तो चढताना पकडत नसे, बसताना पकडत नसे. बघून ठेवायचा आणि गप्प बसायचा. माणूस खिडकीबाहेर बघत सुखावला, आपला थांबा आला म्हणून पिशवी उचलून उभा राहिला, पायरीवर पाय ठेवला, की मागून खांद्यावर हात. "उतरतानाचा चेहरा बघण्यासारखा असतो," असं तो जेवताना सांगायचा आणि घास घशात अडकेपर्यंत हसायचा. त्याची फुप्फुसं सिगारेटींनी केव्हाच पोखरली होती. हसला की आतून जुन्या जिन्यासारखा आवाज यायचा.

घरात तर कायमची तपासणी. भात्यानं दुसऱ्यांदा भाजी वाढून घेतली की म्हातारा तळहात पुढे करी, "तिकीट?"

"बाबा, जेवू द्या ना त्यांना," मुलगी म्हणे.

"तुझंही दाखव. लग्न झालेल्या मुलीच्या पासाची मुदत किती असते, ठाऊक आहे ना? संपली ती केव्हाच. काय जावईबापू, आज किती श्वास टाकलेत?"

"मोजत नाही, बाबा."

"मोजा, मोजा. तिथले पगारी, इथले फुकट. हिशेब नको का?"

नवराबायकोची झोपायची जागा मोरीसमोरच्या बोळात, दोरीवर घातलेल्या एका पडद्यामागे. म्हातारा मोरीकडे जाताना तो पडदा काठीनं बाजूला सारायचा आणि आत डोकावून म्हणायचा, "चला, बसून घ्या, गाडी रिकामीच आहे." लग्नाला बरीच वर्षं झाली तरी त्यांना मूल झालेलं नव्हतं, हा त्यामागचा विनोद. हे तो पाहुण्यांसमोरही करायचा. पाहुणे हसायचे. मुलगीही हसल्यासारखं करायची. न हसून सांगते कुणाला!

तर या दोघांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. दार. पडदा नव्हे, लाकडाचं, आतून कडी लागणारं दार.

पहिल्या दिवशी भाता काचेच्या खोलीत बसला आणि जेवणाच्या सुट्टीआधीच काटा रेघ ओलांडून पुढे गेला. पुन्हा बसवला, पुन्हा तेच. सिलिंडरपुढे वाघ असलेले दाणे माणसापुढे शेळी होत होते. मालक बाईंना सर्वांदेखत म्हणाला, "दोनतीनदा बघू, नाहीतर हा तमाशा बंद. आणि या फुसफुस्यालाही घरी पाठवा." भात्यानं हे काचेतून ऐकलं नाही, पण ओठ वाचायला सासऱ्याच्या घरात शिकला होता.

पुढच्या वेळी खुर्ची मागं सरकवताना त्याच्या पाठीला एक रबरी नळी लागली. थंडाव्याच्या यंत्रातलं पाणी बाहेर गटारात सोडणारी. भात्यानं ती खेचून बघितली. मग वर्तमानपत्र तोंडापुढे उभं धरलं, नळीचं टोक ओठांत घेतलं आणि पुढचा सगळा दिवस नाकानं हवा घेतली, नळीनं सोडली. खोलीत त्याचा श्वास राहिलाच नाही, गेला गटारात, आणि त्याच्या जागी दाराच्या पट्टीखालून तेवढीच ताजी हवा आत झिरपली. काटा जागचा ढिम्म हलला नाही.

डॉक्टरबाईनं त्याच आठवड्यात कोळसा भिजवायचा खार बदलला होता. तिला वाटलं, किमया खाराची. तिनं आनंदानं भात्याचा हात हातात घेतला. "तुम्ही किती शांत बसता हो! तुमच्यामुळे शक्य झालं हे." ते मात्र शंभर टक्के खरं होतं. त्यानंतर काटा कधी चढलाच नाही आणि आधी का चढत होता हे शोधायचं बाईनं सोडून दिलं. यश आलं की कारणं कोण विचारतो?

मग मालकानं खरेदीदार बोलावले. ते वस्ताद निघाले. म्हणाले, "एक माणूस म्हणजे काय खोली झाली? कुटुंब बसवा."

मालकानं भात्याला बोलावून घेतलं. "तुझ्या घरी कोण कोण?"

"बायको. आणि सासरे."

"आण सगळ्यांना. दाणे पास झाले तर फाटकाजवळची पहारेकऱ्याची खोली तुझी. कायमची नोकरी, कायमची खोली."

बायको आदल्या दिवशी ती खोली बघून आली. एक खिडकी, एक मोरी, भिंतींना पोपडे. तिनं भिंतींकडे बघितलंसुद्धा नाही. दार लावलं, कडी घातली, काढली, परत घातली आणि आतच उभी राहिली. भाता बाहेरून हाका मारत होता, तरी लवकर उघडेना.

आता तुम्ही म्हणाल, नळी एक आणि माणसं तीन, हे भात्याच्या डोक्यात आलं नाही का? आलं. पण त्यानं मनाशी हिशेब असा मांडला, की माझा श्वास बाहेर गेला की उरले दोनच, त्यातला म्हातारा अर्ध्याच फुप्फुसाचा. दीड माणसाचा वायू दाणे सहज गिळतील. बाई इतकं कौतुक करते त्यांचं!

सकाळी चेकरसाहेब खाकी कोट घालून आले. फुकटचं जेवण आणि खुर्ची, शिवाय जावयाच्या नोकरीची तपासणी, कशाला सोडतील? डॉक्टरबाईनं त्यांना दाणे दाखवले, वायू भिंतींना चिकटतो, तापवला की सुटतो, वगैरे समजावलं.

"कळलं," म्हातारा म्हणाला, "आमच्या जावयासारखं. फक्त आमचा तापवला तरी सुटत नाही."

पाहुणे खो खो हसले. मालक तर डोळे पुसत होता. म्हाताऱ्याला आणखी चेव आला. "आणि ऐका बाई, जेवलो की मी घोरतो. झोपलो तर उठवायचं नाही. राजालासुद्धा उठवू देत नाही मी."

दार बंद झालं. काचेआड बाहेरचे आवाज बुडाले. दुपारी आतच डबे खाऊन झाले, पाहुणे मालकाबरोबर जेवायला निघून गेले. बाहेर एकटी डॉक्टरबाई उरली, तीही काट्याकडे तोंड करून. काटा हलला होता. फार नाही, पण हलला होता. थंडाव्याचं यंत्र तिघांना पुरत नव्हतं, आतली हवा गरम आणि ओलसर झाली होती, काचेच्या आतल्या बाजूनं थेंब धरले होते. बायको कपाळ चोळत होती. भाता वर्तमानपत्रामागे.

"काय हो जावईबापू," म्हातारा म्हणाला, "बातम्या चोखून वाचायच्या असतात का?"

भाता दचकला. म्हाताऱ्यानं काठीच्या टोकानं वर्तमानपत्र अलगद खाली केलं, अगदी बोळातला पडदा सारतो तसं. ओठांतली नळी बघितली, ती कुठं जाते ते बघितलं. मग तो हसत सुटला.

"म्हणजे एवढे दिवस श्वास गटारात! आणि ती बाई टरफलांना शाबासकी देतेय! वा रे पठ्ठ्या! नोकरीसुद्धा विनातिकीट!"

"बाबा, पाया पडतो तुमच्या."

"बाबा, हळू," मुलगी म्हणाली. "बाई बघेल."

"बघू दे की. नाही, नको, आत्ता नको." म्हाताऱ्यानं घंटेकडे नेलेला हात मागं घेतला. "आत्ता वाजवून काय मजा? पाहुणे जेवतायत. येऊ देत परत. भोंगा होऊ दे, दार उघडू दे, टाळ्या पडू देत. मालक किल्ली हातात देईल ना, तेव्हा. उतरताना."

"ती खोली आमची आहे, बाबा," मुलगी म्हणाली. "माझी आहे."

"माहीत आहे. म्हणून तर."

असं म्हणून तो खुर्चीत रेलून बसला, समाधानानं, पुढचा थांबा माहीत असलेल्या माणसासारखा. अधूनमधून जावयाकडे बघून डोळा मारी. काही वेळानं त्याच्या बोलण्यात अडखळ आली. "उतरताना," तो एकदा म्हणाला, एकदा नुसतंच "उत" म्हणाला. कपाळावर घाम डवरला. मान छातीवर पडली. घोरणं सुरू झालं, पण ते रोजचं घोरणं नव्हतं. लांब लांब अंतरानं, आत काहीतरी फाडत काढल्यासारखं. ओठ जांभळे पडले, मग पाटीसारखे करडे.

डॉक्टरबाई काचेपाशी आली. काटा रेघेच्या अगदी अलीकडे होता आणि तिचा चेहरा उतरला होता. तिनं म्हाताऱ्याकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या. भात्यानं नळी जिभेखाली दाबली, दोन्ही तळवे जोडून गालाखाली ठेवले आणि डोळे मिटून दाखवले. झोपलेत. बाईला सकाळचं बोलणं आठवलं. ती हसली आणि परत काट्याकडे गेली.

बायकोचं डोकं टेबलावर होतं, हातांची घडी करून त्यावर ठेवलेलं.

भोंगा झाला तेव्हा काटा रेघेला टेकला होता, ओलांडून गेला नव्हता. पास म्हणजे पास. दार उघडलं, टाळ्या पडल्या, मालकानं सगळ्यांसमोर किल्ली भात्याच्या हातावर ठेवली. मग तो म्हाताऱ्याचा खांदा थोपटत म्हणाला, "चला चेकरसाहेब, आला तुमचा थांबा." पाहुणे पुन्हा हसले. म्हातारा खुर्चीतून हळूहळू एका बाजूला घसरला. दवाखान्यात नेईपर्यंत कारभार आटोपला होता. तिथल्या डॉक्टरनं छातीचा जुना फोटो बघून सांगितलं, "ही फुप्फुसं कुठेही, केव्हाही बंद पडली असती." मालकाला हे वाक्य इतकं आवडलं की त्यानं ते सगळ्यांना ऐकवलं.

या गडबडीत किल्ली परत मागायचं भान कुणाला राहिलं नाही.

खरेदीदार कळवतो म्हणाले आणि त्यांनी कळवलं नाही. डॉक्टरबाईनं पिंप उघडलं तर दाणे चिंब. माणसाच्या श्वासात वायूबरोबर वाफही असते, आणि हे दाणे आधी पाण्याला मिठी मारतात. भोकं पाण्यानं भरली की कर्बवायू दारातूनच परत. सिलिंडरचा वायू कोरडा, म्हणून तिथं पराक्रम. हे दाणे काही माणसांसाठी नव्हतेच. मग भाता एकटा बसायचा तेव्हा ते कोरडे कसे राहायचे, हे शोधत ती खुर्चीमागं पोचली. नळीच्या टोकाला दातांच्या खुणा होत्या. ती बराच वेळ नळी हातात धरून बसली. कुणाला काही बोलली नाही, कारण बोलायचं तर आधी स्वतःच्या खाराबद्दल बोलावं लागलं असतं. महिनाअखेर तिनं नोकरी सोडली. बायकांनी तिच्या निरोपालाही खोकल्याचं औषध मागितलं, आणि या वेळी ती चिडलीसुद्धा नाही.

मालक हुशार. पाण्याला मिठी मारतात ना, मग मारू देत. त्यानं दाणे छोट्या पुड्यांत भरले आणि बुटांच्या खोक्यांत टाकायला विकले. उत्तम चालले. भाता पुड्या भरायच्या टेबलावर लागला. श्वास आता स्वतःच्या खर्चानं घ्यायचा.

हवा प्यायल्याची गोष्ट प्रथम कुणी काढली म्हणता? त्याच्या बायकोनं. म्हाताऱ्याला पोचवून आल्यावर मावशीच्या गळ्यात पडून ती म्हणाली, "यांनीच खाल्ली गं माझ्या बाबांची हवा." मावशीनं ते भाच्यांना सांगितलं, भाच्यांनी न्हाव्याला, आणि न्हाव्याकडे गेलं म्हणजे छापून आल्यासारखंच. भात्यानं कधी नाकारलं नाही. लोकांनी म्हटलं, बघा, मनात पाप आहे.

दोघं फाटकाजवळच्या खोलीत राहायला गेली. दार आतून लागे. पण त्या दाराच्या फळ्यांत फटी होत्या, आणि सुट्टीच्या दुपारी बाहेर पत्ते कुटत बसलेल्या कामगारांना कान होते.

"लोक मला खुनी म्हणतात, तुझ्यामुळे!" भात्याचा आवाज.

"मग काय म्हणायचं तुम्हाला? झोपलेत म्हणून खूण कुणी केली? अशी, गालाखाली हात घेऊन?"

पत्तेवाल्यांनी हातातलं पान खाली टाकलं नाही.

"तुझं डोकं टेबलावर होतं," भाता म्हणाला. "तुला खूण दिसली कशी?"

आतून भांडी घासल्याचा आवाज आला.

तर हवा कुणी प्यायली नव्हती. भाता स्वतःचा श्वास बाहेर सोडत होता, त्यामुळे म्हाताऱ्याला मिळायची त्यापेक्षा बरी हवा मिळाली. घंटेचं बटण टेबलाच्या मध्यभागी होतं आणि दोघांच्याही हाताला पुरत होतं. म्हातारा बेशुद्ध झालेला जावयानं पाहिला, मुलीनंही पाहिला. खोली हवी होती, म्हणून दोघांनीही घंटा वाजवली नाही.